आनंदाला स्मृती असावी का?

दरवर्षी १ जानेवारीच्या सकाळी व्हिएन्ना शहरातील म्युझिकफेराइन या वास्तूच्या सुवर्ण सभागृहात एक मैफल भरते. सभागृह १८७० साली उघडलेले. वाजविणारा वाद्यवृंद त्याहूनही जुना, १८४२ साली स्थापन झालेला व्हिएन्ना फिलहार्मोनिक. फुलांनी सजविलेल्या त्या दालनात दोन-अडीच तास जे संगीत वाजते ते मुख्यतः स्ट्राउस घराण्याचे आणि जवळजवळ सगळे नृत्याच्या पोटी जन्मलेले: वाल्ट्झ, पोल्का, मार्च. नव्वदहून अधिक देशांत ते दूरचित्रवाणीवरून पोहोचते. अखेरची रीत ठरलेली आहे. 'निळी डॅन्यूब' या वाल्ट्झचे पहिले मंद स्वर उमटताच श्रोते टाळ्या वाजवून ते थांबवितात. वाद्यवृंद नववर्षाच्या शुभेच्छा देतो. मग वाल्ट्झ पूर्ण होतो आणि सर्वांत शेवटी राडेट्झकी मार्च सुरू झाला की सारे सभागृह टाळ्यांनी ठेका धरते.

या मैफलीशी आपल्या मुंबईचेही एक नाते आहे. १९३६ साली मुंबईत जन्मलेले, एका पारशी संगीतकाराचे पुत्र असलेले झुबिन मेहता १९५४ साली शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले आणि पुढे १९९०, १९९५, १९९८, २००७ व २०१५ असे पाच वेळा या मैफलीचे संचालक झाले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिम्फनी वाद्यवृंद उभा केला होता. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी या शहरातील पाश्चात्त्य संगीताला किती हातभार लावला, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. आपल्या लग्नसमारंभात नवदांपत्याच्या पहिल्या नृत्यासाठी बँडवाला तीन मात्रांचा जो ठेका धरतो, त्याचे माहेर हेच व्हिएन्ना.

एवढ्या प्रसन्न विषयावर नीतीचा प्रश्न उपस्थित करणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु या मैफलीचा इतिहास वाचल्यावर प्रश्न टाळता येत नाही. तो असा: आनंद हा केवळ आनंद म्हणून निर्दोष असतो काय? की आपण कशामुळे, कोणाबरोबर आणि काय विसरून आनंदित होतो, याचा जाबही आनंदाला द्यावा लागतो?

प्रथम नृत्याकडे पाहू. नृत्य ही एकट्याची गोष्ट क्वचितच असते. वाल्ट्झ तर दोघांवाचून शक्यच नाही. ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीतील खेड्यापाड्यांत शेतकरी जोडीजोडीने गिरक्या घेत नाचत, 'लेंडलर' हे त्यांचे एक नृत्य. या खेडवळ नृत्यांतूनच वाल्ट्झ उदयास आला. एकमेकांना जवळ धरून नाचण्याची ही तऱ्हा दरबारी मंडळींना व नीतिरक्षकांना मुळीच रुचली नाही. लंडनच्या 'टाइम्स'ने १८१६ साली राजवाड्यातील नृत्यसमारंभात वाल्ट्झ शिरल्याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदविली होती. परंतु १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेसाठी युरोपचे राजेमहाराजे त्या शहरात जमले, तेव्हा खेड्यातली ती गिरकी राजवाड्याच्या गुळगुळीत फरशीवर अगोदरच येऊन पोहोचली होती. पुढे थोरले योहान स्ट्राउस (१८०४-१८४९) आणि त्यांचे पुत्र धाकटे योहान स्ट्राउस (१८२५-१८९९) यांनी तिला जगभर नेले.

नाचणाऱ्याला दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते: ठेक्याचे आणि जोडीदाराच्या पावलांचे. आपल्याच नादात जो गिरकी घेतो तो दुसऱ्याच्या पायावर पाय देतो. म्हणजे नृत्यात आनंद आणि दुसऱ्याची काळजी या दोन गोष्टी एकाच हालचालीत बांधलेल्या असतात. मैफलीत मात्र हे बदलते. तेच संगीत वाजते, पण श्रोता खुर्चीत स्थिर असतो. त्याला जोडीदार नाही. कोणाच्या पावलांकडे पाहावयाचे नाही. त्याला फक्त सुख घ्यावयाचे आहे. यात काही गैर आहे असे नव्हे. चित्त एकाग्र करून ऐकणे हीसुद्धा एक साधना आहे. परंतु नृत्यातील आनंद नृत्यापासून सुटा झाला की तो कोणाच्याही हाती सहज सापडतो, हे लक्षात ठेवावयास हवे. जोडीदार नसलेल्या आनंदाला जोडीदाराचे दुःख दिसत नाही.

आता 'निळी डॅन्यूब'ची जन्मकथा पाहा. १८६६ साली कोनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. साम्राज्याचा मान धुळीस मिळाला, घरोघरी सुतक आले. त्यानंतरच्या हिवाळ्यात, १५ फेब्रुवारी १८६७ रोजी, व्हिएन्नातील पुरुषांच्या एका गायकमंडळाने हा वाल्ट्झ प्रथम गायिला. त्या वेळी त्याला थट्टेखोर शब्द जोडलेले होते. शब्द मागे पडले, सूर राहिले. म्हणजे जगातील सर्वांत आनंदी समजली जाणारी ही रचना एका हरलेल्या, शोकग्रस्त शहरात जन्मली.

हे शहर आपले दुःख विसरू पाहत होते, म्हणून त्याला दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. दुःखाने वाकलेल्या माणसाने क्षणभर मान वर करणे हा पळपुटेपणा नव्हे. मयताच्या घरी नवव्या-दहाव्या दिवशी कोणीतरी जुनी आठवण सांगते आणि रडणारे डोळे पुसून हसू लागतात, ते हसू मृताचा अपमान करीत नाही. उलट तेथेच दुःखाची पहिली गाठ सैल होते. सांत्वन आणि गुंगी यांत फरक आहे. सांत्वन माणसाला त्याच्या दुःखाकडे परत जाण्याचे बळ देते. गुंगी त्याला दुःखाकडे पाहूच देत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोहोंतही माणूस हसत असतो. फरक कळतो तो नंतर.

या फरकाची परीक्षा पुढे फार भीषण रीतीने झाली. नववर्षाच्या या मैफलीची परंपरा प्राचीन असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिली मैफल झाली ३१ डिसेंबर १९३९ रोजी, क्लेमेन्स क्राउस यांच्या संचालनाखाली. दुसरी १ जानेवारी १९४१ रोजी. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर आक्रमण झाले होते. युद्धाला चार महिने झाले असताना ही स्ट्राउस मैफल भरली आणि तिचे उत्पन्न नाझी राजवटीच्या युद्धकालीन हिवाळी मदतनिधीला देण्यात आले. नाझी प्रचारखात्याला आनंदी संगीताची किंमत चांगली ठाऊक होती. माणसे गुणगुणत राहिली की प्रश्न विचारीत नाहीत.

परंतु येथे त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. थोरल्या स्ट्राउसचे आजोबा जन्माने ज्यू होते. बुडा शहरातून व्हिएन्नाला येऊन त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती आणि १७६२ साली संत स्टीफनच्या महामंदिरात त्यांचा विवाह झाला होता. विवाहाच्या नोंदवहीत 'स्नानसंस्कार झालेला ज्यू' अशा अर्थाची नोंद होती. नाझींच्या वंशगणितानुसार ज्याच्या संगीतावर सारे जर्मन राष्ट्र डोलत होते त्याच्याच रक्तात 'दोष' निघाला. प्रचारमंत्री गोबेल्स याने १९३८ मध्येच ही माहिती बाहेर फुटू न देण्याचे ठरविले होते. पुढे ती नोंदवही बर्लिनला नेण्यात आली, तिची नक्कल तयार करण्यात आली, आणि त्या नकलेत ही नोंद नव्हती. महामंदिराला परत मिळाली ती नक्कल.

आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रसंग इतिहासातील एक विक्षिप्त गोष्ट वाटेल. पण ज्या धर्मगुरूच्या कपाटात शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदवह्या असतात त्याला ती तशी वाटणार नाही. स्नानसंस्कार, विवाह, दफन यांच्या त्या जाडजूड वह्या म्हणजे गावाची स्मृती. अक्षर कोणाचे सुबक, कोणाचे किरटे. शाई कोठे फिकट झालेली. पण जे एकदा लिहिले ते खोडावयाचे नाही, काही सांगावयाचे असेल तर समासात लिहावयाचे, हा दंडक आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो. कारण नोंदवहीतील प्रत्येक नाव हे परमेश्वरासमोर व समाजासमोर उभे राहिलेले एक माणूस असते. स्ट्राउसच्या आजोबांचे नाव गाळणाऱ्यांना आनंद हवा होता. ज्या कुळातून तो आनंद आला ते कूळ नको होते. वाल्ट्झ ठेवावयाचा आणि माणूस पुसावयाचा, असा हा व्यवहार होता. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे मर्म येथे उघड होते. ज्या आनंदाला टिकण्यासाठी एखादे नाव पुसावे लागते, त्याला आनंद म्हणता येत नाही.

नावे केवळ कागदावरचीच पुसली गेली नाहीत. आर्नोल्ड रोझे हे १८८१ पासून या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. १९३८ साली, सत्तावन्न वर्षांच्या सेवेनंतर, ज्यू म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले. ते लंडनला गेले व १९४६ मध्ये तेथेच वारले. वाद्यवृंदातील इतर ज्यू सहकाऱ्यांपैकी पाच जण छळछावण्यांत मरण पावले. आणि १९४२ साली वाद्यवृंदाच्या १२३ सदस्यांपैकी ६० जण नाझी पक्षाचे सभासद होते. वाद्य तेच, स्वरलिपी तीच, शेजारची खुर्ची मात्र रिकामी. आणि तीही लवकरच दुसऱ्या कोणी भरलेली. त्या मैफलीत वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांचे लक्ष त्या खुर्चीकडे गेले असेल?

रोझे यांची कन्या आल्मा हीसुद्धा व्हायोलिनवादक होती. १९३२ साली तिने व्हिएन्नात केवळ स्त्रियांचा एक वाद्यवृंद काढला होता. वाल्ट्झ वाजविणाऱ्या मुली म्हणूनच तो युरोपभर ओळखला जाई. पित्याबरोबर ती लंडनला पोहोचली होती. पण कार्यक्रमांसाठी हॉलंडला गेली आणि तेथे अडकली. पुढे फ्रान्समध्ये पकडली जाऊन जुलै १९४३ मध्ये तिला ऑशविट्झला नेण्यात आले. तेथे स्त्री कैद्यांचा एक वाद्यवृंद होता. त्याचे संचालन तिच्याकडे सोपविण्यात आले. सकाळी कैद्यांच्या टोळ्या कामावर निघत आणि सायंकाळी अर्धमेल्या परत येत, तेव्हा फाटकाजवळ या स्त्रियांना मार्च वाजवावे लागत. अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी स्ट्राउसचे वाल्ट्झही वाजवावे लागत. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांकडे त्यांच्या छळकर्त्यांनीच आनंदगीतांची फर्माईश केली, हे स्तोत्रकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे; विसाव्या शतकात ते पुन्हा घडले, तेही सुसंस्कृत युरोपात.

आल्मा आपल्या वादकांशी अतिशय कडक वागे. तास न् तास सराव करून घेई. कारण तिला ठाऊक होते की वादन चांगले असेल तोवरच या मुली जिवंत राहतील. एप्रिल १९४४ मध्ये ती छावणीतच आजारी पडून मरण पावली. तिच्या वाद्यवृंदातील बहुतेक स्त्रिया मात्र युद्धातून जगल्या. तोच वाल्ट्झ मारणाऱ्याला विरंगुळा देत होता आणि वाजविणारीचे प्राण वाचवीत होता. एकाच स्वरमालिकेची एकाच खोलीत दोन टोके.

या प्रसंगावर दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की संगीत निष्पाप आहे. सुरीने भाकरी कापता येते आणि गळाही. दोष सुरीचा नव्हे. हे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. धाकट्या स्ट्राउसने १८६७ मध्ये वाल्ट्झ लिहिला तेव्हा त्याच्या मनात ऑशविट्झ नव्हते. पण हे उत्तर पुरे पडत नाही. सुरी हातातून खाली ठेवता येते. संगीत ऐकणाऱ्याच्या आत शिरते, त्याचे मन घडविते, त्याला हळुवार करते किंवा स्वतःविषयी भलतेच समाधान देते. छावणीतील अधिकाऱ्याला वाल्ट्झ ऐकून आपण अद्याप सुसंस्कृत आहोत असे वाटत असेल, तर संगीताने तेथे एक खोटी साक्ष दिली, हे मान्य करावे लागेल.

दुसरे उत्तर याच्या उलट: ही मैफलच कलंकित आहे, ती ऐकू नये. या उत्तरामागील संताप मला समजतो. परंतु ते स्वीकारले तर आल्माच्या हातातील व्हायोलिनही कलंकित ठरते, आणि तसे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. शिवाय जन्मकाळच्या पापामुळे प्रत्येक गोष्ट टाकावयाची झाली, तर जगात काय उरेल? राडेट्झकी मार्चच घ्या. थोरल्या स्ट्राउसने तो १८४८ साली रचला, तो इटलीतील कुस्टोझा येथे ऑस्ट्रियन सेनापतीने मिळविलेल्या विजयाच्या गौरवार्थ. ज्या ठेक्यावर आज इटालियन पाहुणेही टाळ्या वाजवितात, तो त्यांच्याच पूर्वजांच्या पराभवाचा ठेका आहे. आणि ३१ डिसेंबर १९३९ च्या त्या सभागृहात एखादी आई बसली असेल, जिचा मुलगा आघाडीवर होता आणि जिला दोन तास त्याची चिंता विसरावयाची होती. तिच्या आनंदाला मी पाप म्हणू धजत नाही. आनंद घेणारा आणि आनंदाचा बाजार मांडणारा यांना एका मापाने मोजता येत नाही.

मग कसोटी कोणती? या बाबतीत आपल्या परंपरेतील दोन महान चिंतकांचे विचार उपयोगी पडतात. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कानांना मिळणाऱ्या सुखाविषयी लिहिले आहे. उपासनेतील गायन ऐकून ते गहिवरत; पण गीताच्या आशयापेक्षा आवाजानेच मन अधिक हलले, तर त्यात आपला दोष आहे, असे त्यांना वाटे. ते कधी संगीत वर्ज्य करावेसे म्हणतात, कधी त्याच्या उपकारांचे स्मरण करून ते राखावे म्हणतात. ही त्यांची द्विधा प्रामाणिक आहे. सूर आपल्याला कशाकडे नेत आहेत, हे विचारल्यावाचून सुरांच्या अधीन होऊ नये, एवढे त्यातून घ्यावे.

संत थॉमस अक्वायनस यांचा स्वभाव निराळा. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते आणि खेळ, विनोद, करमणूक ही मनाची विश्रांती होय, असे ते म्हणतात. योग्य प्रमाणातील खेळकरपणा त्यांच्या मते सद्गुण आहे. इतकेच नव्हे, तर स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूस त्यांच्या लेखी दोषी आहे. पण आणखी महत्त्वाचे म्हणजे, खरा आनंद हे प्रीतीचे फळ आहे, अशी त्यांची शिकवण. आनंद हे मूळ नव्हे, फळ आहे. म्हणून फळाची पारख करावयाची तर झाड पाहावे: या आनंदाच्या मुळाशी कोणाविषयी तरी प्रीती आहे काय?

या दोघांच्या आधाराने मला दोन साधे प्रश्न सुचतात. एक: माझा हा आनंद टिकण्यासाठी मला काय विसरावे लागत आहे? दुसरा: या आनंदातून कोणाला बाहेर ठेवले आहे? संदेष्टा आमोस वीणेवर रागावला नव्हता. हस्तिदंती पलंगांवर पहुडून नवनवी गाणी रचणारे लोक आपल्या बांधवांच्या विनाशाने व्यथित होत नाहीत, याचा त्याला संताप आला होता. त्याचा राग गाण्यावर नव्हता, न दुखणाऱ्या हृदयावर होता.

अशा हृदयाला पुन्हा दुखावयास शिकविता येते काय? या वाद्यवृंदाच्याच अलीकडील इतिहासातून याचे उत्तर मिळते, आणि ते आशादायक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. त्या सकाळी वेलंकनीच्या किनाऱ्यावर शेकडो यात्रेकरू लाटांनी ओढून नेले. नाताळानंतर मातेच्या दर्शनास गेलेले ते भाविक होते. सहाच दिवसांनी, १ जानेवारी २००५ रोजी, व्हिएन्नातील मैफल लोरिन माझेल यांच्या संचालनाखाली झाली. मैफल रद्द झाली नाही. परंतु मृतांच्या स्मरणार्थ राडेट्झकी मार्च मात्र वाजविण्यात आला नाही. सारे संगीत झाले, 'निळी डॅन्यूब' झाली, आणि जेथे दरवर्षी टाळ्यांचा कडकडाट होतो तेथे त्या वर्षी काहीच झाले नाही. त्या रिकाम्या जागेत वेलंकनीचे, नागपट्टणमचे, श्रीलंकेचे आणि इंडोनेशियाचे मृत होते. युरोपातील एका झगमगत्या सभागृहाने आपल्या आनंदात त्यांच्यासाठी जागा सोडली होती.

२०१३ साली या वाद्यवृंदाने आपल्या नाझी काळातील वागणुकीचा इतिहास, बाहेरच्या इतिहासकारांकडून तपासून घेऊन, जगासमोर मांडला. वर दिलेले आकडे त्याच अभ्यासातून पुढे आले. २०२० सालापासून राडेट्झकी मार्चची वाद्यरचनाही बदलण्यात आली. कारण त्यापूर्वी वर्षानुवर्षे वाजविली जाणारी रचना ज्याने केली होती तो संगीतकार नाझी पक्षाचा सभासद होता. काहींनी याला उशिरा सुचलेले शहाणपण म्हटले. उशीर झाला हे खरेच. पण समासात लिहिलेली दुरुस्ती कितीही उशिराची असली तरी ती नोंदवहीला अधिक खरी करते. मैफल बंद पडली नाही, सूर बेसूर झाले नाहीत. उलट ज्याला हा इतिहास ठाऊक आहे त्याला तो वाल्ट्झ अधिक खोल ऐकू येतो.

झुबिन मेहता यांच्या आयुष्याकडे पाहिले तरी हेच दिसते. ज्या हाताने त्यांनी व्हिएन्नात नववर्षाचे वाल्ट्झ खुलविले, त्याच हाताने त्यांनी अनेक दशके, २०१९ पर्यंत, इस्रायलच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. तो वाद्यवृंद १९३६ साली स्थापन झाला, तो मुख्यतः युरोपातून हुसकावल्या गेलेल्या ज्यू वादकांना एकत्र करून. आणि जून १९९४ मध्ये, युद्धाने होरपळलेल्या सारायेव्हो शहरात, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत त्यांनी मोझार्टचे मृतांसाठीचे संगीत सादर केले. एकाच माणसाला उत्सवाचे आणि शोकाचे संगीत दोन्ही करता येते. किंबहुना एक न जाणणाऱ्याला दुसरे नीट जमत नसावे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जगात रोज कोठे ना कोठे कोणी तरी रडत असतो. प्रत्येक वेळी त्याची आठवण ठेवावयाची म्हटले तर माणसाने कधी नाचूच नये काय? आनंदाच्या दाराशी असा पहारेकरी बसविला तर आनंद घराकडे फिरकेल तरी काय?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात याचे उत्तर आहे, असे मला वाटते. थोरला भाऊ शेतावरून परत येतो तेव्हा त्याच्या कानी संगीत आणि नृत्याचा आवाज पडतो. तो आत जात नाही. त्याच्या हिशेबात हा आनंद अन्याय्य आहे. बाप बाहेर येतो आणि समजावतो. त्याचे समजावणे लक्षपूर्वक वाचा. झाले गेले विसरून जा, असे तो म्हणत नाही. हा मेला होता आणि जिवंत झाला आहे, हरवला होता आणि सापडला आहे, हीच तर मेजवानीची कारणे तो सांगतो. म्हणजे त्या घरातील नृत्य विस्मृतीवर उभे नाही, स्मृतीवर उभे आहे. पुत्र हरवल्याची आठवण पुसली तर मेजवानीला काही अर्थच उरणार नाही. आणखी एक गोष्ट: बाहेर कोणी राहिला आहे हे कळताच बाप मेजवानी सोडून अंगणात येतो. आत संगीत चालू आहे, आणि घरधनी बाहेरच्या रुसलेल्यापाशी उभा आहे. आनंद आणि काळजी एकमेकांचे वैरी नाहीत, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल? आपण दर रविवारी ज्या मेजाभोवती जमतो ते एका मृत्यूचे स्मरण असते आणि मेजवानीही असते. ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये.

म्हणून स्मृती आनंदाला मारते हे खरे नव्हे. स्मृती मारते ती गुंगीला. २०२१ साली महासाथीमुळे रिकार्दो मुती यांच्या संचालनाखाली ही मैफल रिकाम्या सभागृहात झाली. वादक होते, फुले होती, वाल्ट्झ होते. समोर खुर्च्यांच्या रांगा मोकळ्या होत्या. त्या काळात आपणही रिकाम्या मंदिरांत मिस्सा केली, आणि चार माणसांच्या सोबतीने आपल्या प्रियजनांना मूठमाती दिली. माणसांवाचून संगीत काय असते हे तेव्हा सगळ्यांनाच कळले. जोडीदार नसलेले नृत्य ते हेच.

हा प्रश्न व्हिएन्नापुरता नाही, आपल्या वाडी-पाड्यातलाही आहे. लग्नाची तारीख ठरलेली असते, मंडप पडलेला असतो, बँडला विसार दिलेला असतो, आणि आदल्या रात्री शेजारच्या घरात मयत होते. मग कुटुंबातील वडीलधारी मंडळी विचारतात, "फादर, आता काय करावे? वाजंत्री लावावी की नाही?" काहींच्या मते शेजारधर्म म्हणून सारे बंद ठेवावे, काहींच्या मते आयुष्यात एकदाच येणारा दिवस मुलांच्या वाट्याला असा मुका का यावा? दोन्ही बाजूंना प्रीती आहे, म्हणून मला यात भांडण दिसत नाही. नियम सांगून हा प्रश्न सुटत नाही. परंतु अनेक ठिकाणी आपल्या साध्यासुध्या माणसांनीच यातून वाट काढलेली आहे. वरात निघते, बँड वाजतो. पण त्या घराचे वळण आले की बँडमास्तर हात वर करतो आणि वाद्ये खाली येतात. नवरानवरी माना लववून पुढे जातात. कधी कधी नवऱ्याची आई वाट सोडून त्या घरात जाते, शोक करणाऱ्या बाईचा हात हातात घेते आणि मग मिरवणुकीला येऊन मिळते. पुढच्या वळणावर बँड पुन्हा सुरू होतो.

ऑगस्टिन किंवा अक्वायनस यांचे ग्रंथ त्या बँडमास्तराने वाचलेले नसतात. पण आनंदाची नीती त्याला कळलेली असते. त्याने लग्न थांबविले नाही आणि मृत्यू नाकारला नाही. त्याने फक्त आपण कोणाच्या दारावरून जात आहोत हे ध्यानात ठेवले. आपल्या घरांत वाल्ट्झ वाजावेत, पोरींनी नाचावे, म्हाताऱ्यांनी बसल्या जागी पायाने ठेका धरावा. त्या आनंदाला नोंदवहीतील एकही नाव पुसावे लागू नये, एवढी काळजी आपण घेतली म्हणजे पुरे.